ब्रायरवर काळे डाग आणि उजवीकडे पळणारा बेल्ट

स. न. वि. वि.

वर्षभरापासून मी छंद म्हणून तंबाखूचे पाइप बनवतोय. पहिले पाच कानस आणि पॉलिश पेपरवर केले. मग बेल्ट आणि डिस्क एकत्र असलेला सँडर, म्हणजे सँडपेपर मोटरवर फिरवणारं मशीन, घेतला. बेल्ट १०० बाय ९१४ मिलिमीटरचा, डिस्क १५० मिलिमीटरची. वाटलं होतं, काम सोपं होईल. पण बेल्ट दोन मिनिटांत उजवीकडे सरकतो आणि त्याची कड फाटते. डिस्कवर जोर दिला की ब्रायरवर (पाइपच्या लाकडावर) काळे डाग पडतात आणि जोर दिला नाही तर लाकूड निघतच नाही. बाउलला (तंबाखू भरायच्या वाटीला) गोलाई येण्याऐवजी जागोजागी सपाट चट्टे पडतात. एबोनाइटचं स्टेम (तोंडात धरायची नळी) घासताना घाण वास येतो, आणि ॲक्रिलिकने तर १२० नंबरचा अख्खा बेल्ट चोंदला. शँकचं (बाउलला जोडलेल्या लाकडी दांड्याचं) तोंड डिस्कवर जोर लावून सरळ करायला गेलो, तर स्टेम आणि शँक यांच्यात एका बाजूने फट दिसायला लागली. मशीनच कमी ताकदीचं आहे का? मोठं घ्यावं, की पुन्हा कानशीकडे वळावं?

— एक वाचक


नमस्कार,

तुमच्या पत्रात ‘जोर’ हा शब्द तीन वेळा आला आहे. मी पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा तिथेच थांबलो. मोठं मशीन घेऊ नका. जे आहे ते पाइपसाठी पुरेसं आहे, किंबहुना ब्रायरच्या मुठीएवढ्या ठोकळ्यासाठी थोडं जास्तच आहे. तुमच्या तक्रारी वेगवेगळ्या दिसतात, पण बेल्ट सरकण्याची, सपाट चट्ट्यांची आणि शँकच्या फटीची सोडली तर बाकीच्यांचं मूळ एकच आहे.

सँडपेपरवरचा प्रत्येक कण म्हणजे एक छोटी पटाशी. कणाला धार असते तोवर तो लाकूड कापतो आणि उष्णता भुशाबरोबर निघून जाते. धार गेली, किंवा कणांमधल्या जागेत भुसा भरला, की कण कापायचं सोडून नुसता घासायला लागतो. लाकूड निघत नाही म्हणून आपण दाबतो. दाबलं की उष्णता वाढते, उष्णतेने लाकडातला चिकट अंश मऊ होऊन भुशाला धरून ठेवतो, पेपर आणखी चोंदतो आणि आपण आणखी दाबतो. ब्रायर काळं पडणं, एबोनाइटचा वास, ॲक्रिलिकचं चिकटणं, ही सगळी या फेऱ्याची टोकं आहेत. ‘जोर दिला नाही तर लाकूड निघतच नाही’ हे तुमचं वाक्य सरळ सांगतं की तुमच्या डिस्कवरचा पेपर संपलेला आहे.

तेव्हा आजच डिस्कवर नवा ८० नंबरचा पेपर लावा आणि एक प्रयोग करा. टाकाऊ तुकडा वजनकाट्यावर ठेवून बोटांनी दाबा आणि काटा ३०० ते ४०० ग्रॅमवर आणा. तो दाब हाताच्या लक्षात राहू द्या आणि तेवढ्याच दाबाने तुकडा डिस्कवर टेकवा. नवा पेपर एवढ्यावर लाकूड झरझर उतरवतो. आठवड्याभराने त्याच दाबाने तेवढं निघालं नाही, तर पेपर साफ करायची किंवा बदलायची वेळ झाली. कान मोटरकडे ठेवा. काम टेकल्यावर मोटरचा सूर किंचित बदलणारच, पण तो खाली उतरून दमल्यासारखा आला तर तुम्ही जास्त दाबताय. दर काही सेकंदांनी घासलेली जागा मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवा. कोमट चालेल. चटका बसला तर ठोकळा बाजूला ठेवा, दुसरा हातात घ्या. मी नेहमी दोन ठोकळे बरोबरीने चालवतो ते याचसाठी.

पेपर वाचवायचा म्हणून माणूस जुना ८० नंबर चालवत राहतो आणि स्वतःची समजूत घालतो की आता तो १५० सारखा बारीक झालाय. तसं होत नाही. ८० नंबरच्या कणाचा आकार साधारण २०० मायक्रॉन असतो, १२० चा १२५, २२० चा ६८ च्या आसपास. जुन्या ८० नंबरवर बोथट झालेले मोठे कण असतात आणि त्यांच्यात तुरळक एखादा अजून उभा असतो. तो एक खोल ओरखडा पाडतो आणि बाकीचे लाकूड तापवतात. बारीक पेपरचं काम बारीक पेपरलाच करू द्या.

साफसफाईसाठी क्रेप रबरचा ठोकळा मिळतो, फिकट तपकिरी आणि थोडा चिवट. जुन्या चपलेचा क्रेपचा तळवाही चालतो. मशीन चालू असताना तो बेल्टवर हलकेच टेकवून आडवा फिरवायचा, भुसा रबराला चिकटून निघून येतो. पेपर पूर्ण काळा पडेपर्यंत थांबू नका, दर दहा-पंधरा मिनिटांच्या कामानंतर दोन-चार सेकंद टेकवा. मात्र वितळून बसलेलं ॲक्रिलिक या रबराने फारसं निघत नाही. तो १२० नंबरचा बेल्ट गेला असं समजा.

स्टेमच्या मालाबद्दल इथेच सांगतो. ॲक्रिलिक शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि वेगाने फिरणाऱ्या बेल्टवर घर्षणाने तिथवर पोचायला वेळ लागत नाही. एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेलं रबर, तुम्हाला येतो तो वास त्या गंधकाचाच. थोडा वास येणारच, पण तो झोंबायला लागला तर तुम्ही जाळताय. स्टेमवर मी सँडर फक्त ढोबळ आकारासाठी वापरतो, तोही ८० किंवा १०० नंबरच्या नव्याकोऱ्या पेपरवर, टेकव-उचल, टेकव-उचल करत. जाड कणांमध्ये मोकळी जागा जास्त असते म्हणून भुसा अडकत नाही. प्लास्टिकला बारीक पेपर बरा असं वाटतं, पण मशीनवर नेमकं उलट घडतं. पुढचं सगळं हातानं, कानस आणि मग पाण्यात भिजवलेला सिलिकॉन कार्बाइडचा पेपर. ओठात धरायचं टोक तर मशीनजवळ नेऊच नका, तिथे अर्धा मिलिमीटर जास्त गेला तरी स्टेम वाया जातं.

आता बेल्ट. तो उजवीकडे पळतो याची तीन कारणं असू शकतात आणि ती याच क्रमाने तपासा. प्रत्येक वेळी आधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही.

पहिलं, बेल्टच वाकडा आहे का? बेल्टची एक कड दुसरीपेक्षा किंचित लांब असली, तर जगातलं कुठलंही मशीन त्याला मध्यावर ठेवू शकत नाही. बेल्ट काढा, उजवी कड डावीकडे येईल असा फिरवून बसवा आणि रोलर हाताने फिरवून बघा. आता बेल्ट डावीकडे जायला लागला तर दोष बेल्टचा. पुन्हा उजवीकडेच गेला तर मशीनचा. ही तपासणी झाल्यावर बेल्टच्या आतल्या बाजूचा बाण बघा. ज्यांचा सांधा एकावर एक चढवून चिकटवलेला असतो, ते बेल्ट बाणाच्याच दिशेने चालवायचे, नाहीतर सांध्याचं टोक कामात अडकून उचकटतं. सांध्याच्या मागे पातळ पट्टी चिकटवलेली असेल आणि बाण नसेल, तर कुठलीही दिशा चालते.

दुसरं, रोलर. तुमच्या मशीनचा एक तरी रोलर मधोमध किंचित फुगीर असणार. सपाट पट्टा नेहमी रोलरच्या जाड भागाकडे चढतो, म्हणून त्या फुगीरपणामुळे बेल्ट आपोआप मध्यावर राहतो. पण रोलरच्या एका बाजूला भुसा आणि चिकटा यांचा थर बसला की तीच बाजू जाड होते आणि बेल्ट तिकडे चढायला लागतो. वर्षभर वापरलेल्या मशीनमध्येच नव्हे, तर महिन्याभरात भुशाने कोंदलेल्या मशीनमध्येही हे होतं. बोट फिरवा, खरखरीत कडक चट्टा लागला तर तो लाकडाच्या चपट्या तुकड्याने खरवडून काढा. लोखंडी पट्टी वापरू नका, रोलरवरच्या रबराला चर पडते. माझा अंदाज असा आहे की तुमच्या बाबतीत हेच घडलंय, कारण ॲक्रिलिक वितळलं तेव्हा त्याचे कण बेल्टच्या आतही गेले असणार.

तिसरं, ट्रॅकिंगचा, म्हणजे बेल्ट मध्यावर आणायचा नॉब. बहुतेक लोक सुरुवात इथून करतात आणि चुकतात. रोलर स्वच्छ आणि बेल्ट सरळ असल्याची खात्री झाल्यावरच नॉबला हात लावा. नॉबने पुढचा रोलर तिरका होतो. आधी हाताने बेल्ट दोन-चार फेऱ्या फिरवा, मग बटण सेकंदभर चालू करून बंद करा, बेल्ट कुठे जातो ते बघा आणि नॉब फक्त पाव फेरा फिरवा. पुन्हा सेकंदभर. घाई करून पूर्ण फेरा दिला तर बेल्ट एका झटक्यात दुसऱ्या बाजूच्या पत्र्यावर जाऊन फाटतो. मध्यावर आला की मिनिटभर रिकामा चालू ठेवा आणि मगच काम टेकवा. बेल्ट बदलला की हे पुन्हा करावं लागतं, प्रत्येक बेल्टचा स्वभाव थोडा वेगळा असतो.

रात्री काम थांबवताना बेल्टचा ताण सोडून ठेवा, बेल्ट आणि रोलरचं रबर दोन्हींना बरं. सुटे बेल्ट घडी घालून किंवा खिळ्यावर टांगून ठेवू नका, मोड पडते आणि मोडेपाशी कण निखळतात. जाडसर गोल नळकांडं भिंतीला लावून त्यावर अडकवा, कोरड्या जागी. दमट हवेत कागद आणि सांध्याचा गोंद दोन्ही हळूहळू जातात. वर्षानुवर्षं पडून राहिलेला बेल्ट नवा दिसला तरी चालवताना पहिला मिनिटभर त्याच्या सरळ रेषेत उभे राहू नका. बेल्ट फिरताना सांध्याची थप्-थप् ऐकू येते ती नेहमीची. ती एकाएकी मोठी झाली तर लगेच बंद करा, सांधा उचलतोय.

बेल्टच्या मागे सपाट लोखंडी पाटी असते. तिच्यावर ग्रॅफाइटचा लेप दिलेलं कापड चिकटवलेलं असेल तर तेही तपासा. ते झिजून मधोमध भोक पडलं की बेल्टचा पाठीमागचा भाग थेट लोखंडावर घासतो आणि बेल्ट मागूनच तापतो. कापड बदलणं सोपं आहे, आणि पाटीवर सरळ पट्टी टेकवून तिच्याखालून प्रकाश दिसतो का ते बघून पाटी खोलगट झालीय का तेही कळतं.

डिस्ककडे येतो, कारण पाइपचं खरं काम तिच्यावर होतं. डिस्कचा वेग सगळीकडे सारखा नसतो हे लक्षात ठेवा. तुमच्या मोटरचे फेरे मिनिटाला २८५० असतील, तर १५० मिलिमीटरच्या डिस्कची कड सेकंदाला सुमारे २२ मीटर वेगाने धावते. कड आणि केंद्र यांच्या मधोमध तो वेग निम्मा, आणि केंद्रात शून्य. म्हणजे एकाच डिस्कवर तुमच्याकडे सगळे वेग हजर आहेत. लाकूड उतरवायचं तेव्हा कडेजवळ, आकार जुळवायचा तेव्हा आत. जळण्याची भीती असेल तिथे, म्हणजे शँकच्या पातळ भागावर, कडेजवळ जाऊच नका. पाइप करणारे पुष्कळ जण मिनिटाला १४०० ते १७०० फेऱ्यांची मोटर पसंत करतात ती यासाठीच. तुमच्याकडे वेग कमी करायची सोय नसेल तर डिस्कचा आतला अर्धा भाग हीच तुमची सोय.

आणि कायम डिस्कच्या खाली जाणाऱ्या बाजूला काम करा. समोरून बघताना डिस्क घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरत असेल तर ती डावी बाजू. तिथे डिस्क कामाला टेबलावर दाबते. उजव्या बाजूला ती काम उचलून तुमच्या तोंडाकडे फेकते, भुसाही तिकडेच उडवते. टेबल आणि डिस्क यांच्यातली फट दीड मिलिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर पातळ शँक आत खेचली जाते आणि तिच्याबरोबर बोट. टेबलावर गुण्या उभा करून डिस्कशी काटकोन जुळतो का ते दर महिन्याला बघा. पेन्सिल टेबलावर दाबून धरा, तिचं टोक डिस्कला जेमतेम टेकवा आणि प्लग काढलेल्या अवस्थेत डिस्क हाताने फिरवा. रेघ तुटक उमटली तर डिस्क डुगडुगतेय, मागचा स्क्रू ढिला आहे का ते पाहा.

चिकट पाठीचा पेपर डिस्कवरून ओढून काढताना फाटतो आणि गोंदाचे ढेकूळ राहतात. त्यावर दुसरा पेपर लावला तर प्रत्येक ढेकळामागे एक उंचवटा येतो आणि तो बाउलवर एक रेघ पाडतो. हेअर ड्रायरने पेपर दोन मिनिटं तापवा, एका कडेपासून सावकाश सोला, उरलेला गोंद टर्पेंटाइनने पुसा आणि पूर्ण वाळल्यावर नवा लावा.

बाउलवरच्या सपाट चट्ट्यांची तक्रार मला सगळ्यात जवळची वाटते, कारण तिचा उपाय मशीनमध्ये नसून विचारात आहे. डिस्क सपाट आहे, ती सपाटच पृष्ठभाग देणार. तिच्यावर गोल करायला बघितलं तर मनाला येईल तिथे चट्टे पडतात. उलट, चट्टे आपणहून आणि मोजून पाडा. बाजूने दिसणारा आकार ठोकळ्यावर आखा आणि तेवढा उतरवा. मग वरून दिसणारा आकार आखा, तोही उतरवा. आता बाउल वरून चौकोनी दिसतो. चारही कोपरे सारखे छाटून आठ बाजू करा. प्रत्येक बाजूची रुंदी डोळ्यांनी जुळवा, नीट जुळली तरच पुढे जा. आठाच्या सोळा. सोळा बाजूंचा बाउल हातात धरला की तो जवळजवळ गोल लागतो. त्यानंतरच मनगट सतत वळवत, कुठेही क्षणभरही न थांबता, डिस्कच्या आतल्या भागावर त्या कडा मोडा. थांबलात तिथे चट्टा पडणारच.

बाउलचे कोपरे छाटताना हातांची दोन्ही कोपरं पोटाला टेकवून ठेवा. हवेत धरलेला हात थरथरतो. चेंबर, म्हणजे बाउलमधलं तंबाखूचं भोक, आधीच पाडलेलं असेल तर त्यात निमुळती लाकडी काठी घट्ट बसवा, ती मुठीत धरून बाउल फिरवा. पकड मजबूत राहते आणि बोटं पेपरपासून लांब. विसाव्या शतकात डेन्मार्कमध्ये सिक्स्टन इव्हार्सन या पाइप बनवणाऱ्या कारागिरांनी आधी आकार आणि नंतर भोक हा उलटा क्रम वापरला, त्यामुळे लाकडाच्या रेषा बघत आकार ठरवता आला. तो मार्ग फार सुंदर आहे, पण पहिल्या पंचवीस पाइपांसाठी तुम्ही आधी भोकं पाडा असं मी सांगेन. चेंबर आणि धुराचं भोक जागेवर असलं की भिंतीची जाडी व्हर्निअरने मोजता येते.

ती मोजा. दर पाच मिनिटांनी मोजा. मशीनवर लाकूड किती झपाट्याने जातं याचा अंदाज कानशीवर शिकलेल्या हाताला नसतो. माझा एक बाउल असाच गेला. फार देखण्या, सरळ उभ्या रेषांचा ठोकळा होता, समोरच्या बाजूला वाळूच्या दाण्याएवढा खड्डा निघाला. ब्रायरमध्ये असे खड्डे असतातच, ते लाकूड जमिनीखालच्या गाठीतून येतं. तो खड्डा घालवायला मी डिस्कवर थोडं घासलं, खड्डा उरला, आणखी घासलं, तो रुंद झाला. भिंत चार मिलिमीटरच्या खाली गेल्याचं मोजल्यावर कळलं आणि तो पाइप कधीच पूर्ण झाला नाही. आता ६ मिलिमीटर ही माझी रेषा आहे, त्याच्या आत डिस्क नाही. खड्ड्याच्या मागे लागायचं नाही हेही मी तेव्हाच ठरवलं.

बाउल आणि शँक जिथे मिळतात त्या खोलगट जागेत सपाट डिस्क पोचत नाही. तिथे दोन युक्त्या चालतात. बेल्टच्या टोकाला रोलरवरून वळणारा भाग उघडा करता येत असेल, तर त्याच्या गोलाईवर ती जागा हलकेच फिरवा. किंवा डिस्कच्या पेपरचा आकार तिच्या पाठीपेक्षा ५-६ मिलिमीटर मोठा कापा. बाहेर आलेली ती मऊ कड वळते आणि खोबणीत शिरते. हे वेगवान मशीनवर करू नका, लेथवर किंवा कमी फेऱ्यांच्या मोटरवर करा आणि पाठीला रबराची चकती घ्या. बेल्टचा जो भाग मागच्या पाटीशिवाय मोकळा धावतो, तोही बाहेरच्या गोलाईसाठी छान, कारण तिथे बेल्ट किंचित दबतो.

शँकच्या तोंडाची फट. इथे मी ठाम आहे, शँकचं तोंड डिस्कवर हाताने धरून कधीच घासायचं नाही. ते तोंड मॉर्टिसच्या, म्हणजे स्टेम ज्यात बसतं त्या भोकाशी काटकोनात असलं तरच स्टेम सगळीकडून टेकतं. हातात तो काटकोन कोणाच्याही राहत नाही, आणि जोर दिला की एका बाजूने जास्त जातंच. तोंड आणि भोक दोन्ही एकाच पकडीत, लेथवर किंवा ड्रिलवर, करायचं. नंतर स्टेम शँकमध्ये पक्कं बसवूनच सांध्याच्या बाहेरचा भाग दोन्ही मिळून घासायचा, म्हणजे लाकूड आणि एबोनाइट एका पातळीत येतात. तेही मी १५० नंबरपासून हाताने करतो. एबोनाइट आणि ब्रायर सारख्या वेगाने झिजत नाहीत, मशीनवर मऊ बाजू आधी खाली जाते आणि सांध्यापाशी पायरी उमटते.

सांध्यावर पितळेची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी असेल तर ती घासताना धातूची पूड ब्रायरच्या छिद्रांत बसते आणि लाकूड करडं दिसतं. लोखंडाचं त्याहून वाईट. ब्रायरमध्ये टॅनिन असतं, ठोकळे तासन्‌तास उकळल्यानंतरही थोडं उरतं. लोखंडाचे कण आणि टॅनिन ओलाव्यात भेटले की निळसर काळे डाग पडतात. म्हणून ज्या बेल्टवर पटाशीला किंवा गिरमिटाला धार लावली, तो पुन्हा पाइपला लावू नका. खरं तर लाकडाच्या सँडरवर पोलाद घासूच नका. ठिणगी भुशाच्या पिशवीत गेली तर ती आत तासभर धुमसत राहते आणि तुम्ही झोपल्यावर पेटते.

भुशाबद्दल कृपा करून हलगर्जीपणा नको. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९५ साली लाकडाच्या भुशाला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं, मुख्यतः नाक आणि नाकालगतच्या पोकळ्यांच्या कर्करोगामुळे. डोळ्यांना दिसतो तो भुसा खाली पडतो. न दिसणारा, १० मायक्रॉनच्या आतला, हवेत तरंगत राहतो आणि छातीत जातो. मशीनच्या तोंडाला व्हॅक्यूमची नळी लावा, आणि तरीही एन९५ किंवा त्याहून चांगला मास्क घाला. कापडी रुमाल उपयोगाचा नाही. मशीन बंद केल्यावर मास्क लगेच उतरवू नका, दहा मिनिटं राहू द्या. पिशवी प्रत्येक दिवसाच्या शेवटी रिकामी करा. चष्मा हवाच. हातमोजे मात्र घालू नका, सैल बाही आणि मोकळे केसही नकोत. पेपरने नुसतं बोट सोललं जातं, मोजा अडकला तर आख्खा हात आत जातो.

मोटरबद्दल थोडक्यात. तिच्या जाळीतला भुसा आठवड्यातून एकदा बाहेरून ओढून घ्या. बंद बेअरिंगला तेल घालायचं नसतं, ते तेल बेल्टवर येऊन लाकडाला लागतं. बेअरिंग घरघरायला लागलं तर बदला. मोटर नुसती गुणगुणते आणि फिरत नाही असं झालं तर तत्क्षणी बंद करा. बहुधा कपॅसिटर गेलेला असतो. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहू शकते, म्हणून ते काम इलेक्ट्रिशियनकडे द्या.

कानशीकडे वळावं का, असं विचारलंत. सोडलीत कधी? माझ्याकडे सँडर १२० नंबरला थांबतो. अंतिम आकाराच्या एक मिलिमीटर अलीकडे मी मशीन बंद करतो, पुढचं कानस आणि हात. ८० वरून थेट २२० वर उडी मारू नका, मधले १२० आणि १८० घ्या. प्रत्येक नंबर बदलताना बाउलभर पेन्सिलीने रेघा मारा आणि त्या सगळ्या जाईपर्यंत घासा. शेवटी दिवा खाली, बाजूला ठेवून तिरप्या उजेडात बघा, मग ओल्या फडक्याने एकदा पुसून पुन्हा बघा. डिस्कचे ओरखडे कमानीसारखे वळलेले असतात, त्यामुळे उरले असतील तर लगेच ओळखू येतात.

काळे डाग पडलेला तो बाउल टाकू नका. डागावर आधी नवा १२० नंबरचा पेपर हाताने चालवा. डाग फिका होत गेला तर तो वरवरचा आहे, पुढे जा. तसाच राहिला तर भिंत मोजा. ६ मिलिमीटरपेक्षा बरीच जास्त असेल तर अर्धा मिलिमीटर सगळीकडून उतरवता येईल. तेवढी नसेल तर बाउलचा तो भाग कोरून खडबडीत करता येतो, ब्रायरवर ते छान दिसतं आणि पाइपही जरा हलका होतो. चार ठिकाणची जाडी मोजून मला कळवा, मग तुमच्या बाउलचं काय करायचं ते ठरवू.